रविवार आपला, दर्या तिथीचा

सहलीचे ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘माणशी किती?’ दुसरा, ‘नाश्त्याला काय?’ तिसरा प्रश्न खिडकीच्या जागांचा, आणि त्यावरून दोन घरे आठवडाभर बोलत नाहीत. डोलवीहून अलिबागला बस न्यायची तर ठरवायचे ते काय, असे वाटण्याइतका हा रस्ता पायाखालचा आहे. महामार्गाने वडखळ नाका, तिथून अलिबागचा फाटा, धरमतरचा पूल, पोयनाड, की आलाच समुद्र. एसटी प्रासंगिक करारावर मिळते, खासगी बसही मिळते. दोन्हीकडे तास आणि किलोमीटर ठरवून घेतले, चालकाचे जेवण धरले, माणसांची यादी केली, की झाले.

पण ज्याच्याकडे आपण जातो, त्या समुद्राची वेळ कुणी विचारत नाही. तारीख ठरते ती रविवार पाहून.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीने असाच हिवाळ्यातला एक रविवार धरला. अठ्ठेचाळीस माणसे. कुलाबा किल्ल्यात चालत जायचे, हे मुलांना दिलेले वचन. बस सहाऐवजी साडेसातला आली (हे धरूनच चालावे), तरी दहाच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर होतो. किल्ला समोर आणि मध्ये चढते पाणी! बरोबरच्या आजी, जन्म खाडीकाठच्या खारशेतीत गेलेला, वाळूत बसकण मारून म्हणाल्या, ‘आज पुनव ना? मग बाराला पानी भरलेलं.’ हे त्यांना घरीच ठाऊक होते. त्यांना विचारले कुणी होते?

जुन्या माणसांचा हिशेब साधा आहे. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जे येईल ते भरतीचे ढोबळ घड्याळ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी अकरा-बाराला समुद्र तुडुंब. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि भर दुपारी ओहोटी. वाटते, हाच दिवस चांगला; पण अष्टमीचे पाणी भांगाचे. ते फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही. किल्ल्याची वाट नीट मोकळी व्हायला उधाणाच्या जवळचा दिवस हवा. माझ्या मते सहलीला द्वादशी-त्रयोदशी उत्तम. भरती सकाळी नऊ-दहाला होऊन जाते, तीन-चारला पाणी पुरते हटलेले असते, आणि दोनला निघालेली मंडळी चारच्या आत परत येतात. अर्थात हा अंदाज आहे. नक्की वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात, आता मोबाइलवरही. शिवाय धरमतरच्या पुलावर बसच्या खिडकीतून खाली पाहिले, की खाडी भरली आहे की चिखल उघडा पडला आहे हे फुकट कळते.

आणि आपल्याला हे नवे का वाटावे? धरमतरच्या जेट्टीला लागणाऱ्या बार्जांची ये-जा भरती पाहून होते. आमच्या बसमधले निम्मे पुरुष कारखान्याच्या कामावरचे. लोखंडाच्या मालासाठी पाण्याची वेळ पाळणारे आम्ही, स्वतःच्या पोरांना नेताना मात्र कालनिर्णयच्या पानावर फक्त लाल आकडा पाहतो.

त्या दिवशी पुढे व्हायचे तेच झाले. पाणी हटले संध्याकाळी, चालक वडखळच्या कोंडीच्या भीतीने हॉर्न वाजवू लागला, आणि बसमध्ये डोकी मोजली तर सेहेचाळीस. दोन पोरे, ‘पटकन जाऊन येतो’ म्हणून किल्ल्याकडे गेलेली. अंधार पडला, ओहोटी संपून पाणी परत फिरले. पाऊण तासाने ती आली तेव्हा मांडीपर्यंत भिजलेली होती. एकाची आई त्याला मारायलाही विसरली. परतीच्या वाटेवर भेंड्या झाल्या नाहीत.

किनाऱ्यांचाही स्वभाव पाहावा. काशिदची वाळू देखणी. पण तिथल्या लाटेला ओढ आहे आणि लहान मुलांचा घोळका घेऊन पाण्यात उतरायची ती जागा नव्हे. आणि मुरुड तर विसरता येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी तिथे बुडाले. तो दिवस कृष्ण अष्टमीच्या आसपासचा, म्हणजे उधाणाचा नव्हे, भांगाचा! तिथी साधली म्हणून समुद्र आपला झाला असे नाही, हे त्या दिवसाने शिकवले. म्हणून माझा आग्रह असा, की नाश्त्याची जबाबदारी वाटतो तशी पाहणाऱ्यांचीही वाटावी. प्रत्येक वेळी दोन मोठ्या माणसांनी कोरड्या कपड्यांत किनाऱ्यावर उभे राहायचे, फक्त डोकी मोजायची. हे काम कंटाळवाणे आहे, कुणी फोटो काढत नाही. म्हणून अर्ध्या तासाने माणसे बदलावीत. ओहोटी सुरू झाली, की गुडघ्यापलीकडे कुणीही जाऊ नये. जीवरक्षक किंवा गावातला कोळी ‘नको’ म्हणाला, तर आपल्यातल्या पोहणाऱ्या काकांचे ऐकू नये.

यंदाही बस करायची आहे. रविवारी येणारी द्वादशी शोधता शोधता एक त्रयोदशीचा रविवार सापडला आहे. शुक्रवारच्या एकादशीचा उपास सोडूनच मंडळी येणार, त्यामुळे मासळीच्या जेवणालाही कुणाची हरकत नाही. चौकशीला गेलो तर बसवाल्याने रविवारचे भाडे सांगितले, तिथी ऐकून हसला. आजींनी खिडकीची जागा आताच मागून ठेवली आहे, पुलाच्या बाजूची.