ट्रायसेराटॉप्सची शिंगं कोणासाठी?

मुलांच्या पुस्तकात ट्रायसेराटॉप्स आला की समोर जबडा वासलेला टायरानोसॉरस हवाच. शिंगं म्हणजे भाले, मानेवरची झालर म्हणजे ढाल. हा प्राणी घडला तोच शिकाऱ्याला तोंड द्यायला, ही समजूत पार मुरली आहे. ती अर्धवट आहे. एका विलक्षण शाकाहारी प्राण्याचं सारं जगणं त्याच्या शत्रूच्या दावणीला बांधलं जातं, हे मला खटकतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

विरुद्ध बाजू दुबळी नाही. डोळ्यांवरची शिंगं मीटरभर, अंगाची लांबी आठ-नऊ मीटर. टायरानोसॉरसचा मानला जाणारा चावा शिंगावर आणि झालरीवर बसून नंतर भरून आलेली कवटीही सापडली आहे. म्हणजे गाठ पडली आणि प्राणी वाचला. मान्य. पण एखादा अवयव अडीअडचणीला कामी आला, एवढ्यावरून तो त्याचसाठी घडला असं ठरत नाही. काळविटात शिंगं सहसा नरालाच असतात. लांडगा मात्र मादीच्याही मागे लागतो.

याच कुळातली भावंडं पाहा. स्टायरॅकोसॉरसच्या झालरीला लांब काटे, आयनिओसॉरसचं नाकावरचं शिंग पुढे झुकून खाली वळलेलं, पॅकिरायनोसॉरसच्या नाकावर तर शिंगच नाही, नुसता खडबडीत हाडाचा जाड थर. कॅस्मोसॉरसच्या झालरीच्या हाडात दोन मोठाली भोकं, ती कसली ढाल? या सगळ्यांना गाठणारे मोठे शिकारी टायरानोसॉरसच्याच गोतावळ्यातले होते. शत्रू एका जातीचा, मग शस्त्रं इतकी निराळी का?

उत्तर कवटीतच आहे. जीवाश्मशास्त्रज्ञ जॅक हॉर्नर आणि मार्क गुडविन यांनी २००६ मध्ये ट्रायसेराटॉप्सच्या पिल्लापासून प्रौढापर्यंतच्या कवट्यांचा क्रम मांडला. सर्वांत लहान कवटी फूटभर, तिच्यावरची शिंगं बोटाच्या पेराएवढी. वाढत्या वयात ती मागे वळतात आणि मोठेपणी पुन्हा पुढे. झालरीच्या कडेची टोकदार त्रिकोणी हाडं तर वयाबरोबर चपटी होऊन कडेतच मिसळून जातात. ढालीची धार वयानुसार बोथट का व्हावी? शिकाऱ्याला या फरकाचं काय! पोर कोण, जाणता कोण, हे कळायला हवं ते कळपातल्यांना, जोडीदाराला, प्रतिस्पर्ध्याला.

आणि प्रतिस्पर्धी नुसते एकमेकांना न्याहाळत नसत. अँड्र्यू फार्के आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ट्रायसेराटॉप्सच्या कवट्यांवरच्या इजा त्याच्याच कुळातल्या सेंट्रोसॉरसच्या इजांशी ताडून पाहिल्या. सेंट्रोसॉरसचं मोठं शिंग नाकावर, डोळ्यांवरची अगदी खुजी. ट्रायसेराटॉप्सच्या झालरीच्या बाजूच्या हाडावर इजांचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त निघालं. शिंगात शिंग अडकवून रेटारेटी केली, तर प्रतिस्पर्ध्याचं टोक नेमकं तिथे लागतं. या खुणा रोगाच्या असतील, असा आक्षेप घेता येईल. पण मग रोगाने एकाच प्राण्याचं तेवढंच हाड का निवडावं?