होडीवरचे छत

गेल्या वैशाखात आमचे मालवणचे मेहुणे हैदराबादेस आले, तेव्हा आम्ही त्यांस हुसेनसागरावर नेले. लुंबिनी उद्यानाच्या धक्क्यावरून बोट निघाली. आम्ही बुद्धमूर्तीकडे पाहत होतो. मेहुणे मात्र डोक्यावरचे छत न्याहाळीत होते. प्रवाशांसाठी घेतलेल्या आपल्या लहानशा मोटारहोडीवर त्यांना उभे राहता येईल असे उंच, पत्र्याचे छत बसवायचे होते.

आम्ही हरकत घेतली. माथ्यावर वजन चढले की लहान होडी लाटेबरोबर अधिक कलते, आणि उंच छत म्हणजे वाऱ्याला आयते शीडच. समोरची मूर्ती नेणारा तराफा १९९० साली याच तलावात उलटला, माणसे बुडाली. मूर्ती वर काढून उभी झाली ती १९९२ अखेरीस. हे ऐकून मेहुणे बराच वेळ गप्प होते.

घरी येऊन चहाबरोबर घडीचे कापडी छत ठरले : बसणाऱ्याच्या डोक्याला लागणार नाही एवढेच उंच, खाऱ्या हवेसाठी नळ्या स्टेनलेस पोलादाच्या. सुती ताडपत्री स्वस्त खरी, पण ओली मिटून ठेवली की बुरशी धरते; धाग्यातच रंग मुरवलेले ॲक्रिलिक कापड उन्हात अधिक टिकते. पाण्यावरून उसळणारे ऊन मात्र कोणतेच छत अडवीत नाही, टोपी हवीच.

वारा उठताच छत मिटायचे, एवढे आम्ही त्यांच्याकडून लिहूनच घेतले. गिऱ्हाइकाने उन्हाची कुरकुर केली की मेहुणे विरघळतात, हे आमच्या सौभाग्यवतींस चांगले ठाऊक आहे.