न जिरणारे विष

रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या पुणेकराला त्याच परिसरातील आणखी एका ठिकाणाची वार्ता बहुधा नसते. शिरूर तालुक्यातील ह्या गावाच्या औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र आहे. तळोजे, महापे आणि बुटीबोरी येथेही अशीच केंद्रे आहेत. कारखान्यांतील विषारी गाळ येथे येतो. काही जाळला जातो, काही अस्तर घातलेल्या खड्ड्यांत पुरला जातो. आपल्या विहिरींचे पाणी बिघडल्याची तक्रार शेजारच्या निमगाव भोगीचे ग्रामस्थ वर्षानुवर्षे करीत आले आहेत. भीमेच्या दुसऱ्या अंगाला, दौंड तालुक्यात, कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. तेथील व पांढरेवाडीच्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणेही हेच. शहराने ह्या तक्रारींना आजवर दूरच्या गावकीचा तंटा मानले. ही समजूत निष्ठुर तर आहेच, पण आत्मघातकीही आहे.

आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा मुलांना सांगत असू की, काळी आई सारे पचविते. पालापाचोळा, शेण, मेलेले जनावर, काहीही तिच्या स्वाधीन केले की कालांतराने त्याची माती होते. ह्या धड्याला अपवाद निर्माण केला तो विसाव्या शतकातील रसायनशास्त्राने. डी.डी.टी., बी.एच.सी., आल्ड्रिन आणि खेड्यापाड्यांत ज्याचे नाव आत्महत्येशीच जोडले गेले ते एंड्रिन, ही द्रव्ये ऊन, पाणी व जिवाणू ह्यांना सहजासहजी दाद देत नाहीत. ती चरबीत मुरतात. चाऱ्यातून गाईत, दुधातून बालकात, माशातून तो खाणाऱ्या पक्ष्यात त्यांचा प्रवास होतो आणि प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढत जाते. रेचल कार्सनबाईंनी हा धोका १९६२ साली जगापुढे मांडला. आपल्याकडे शेतीतील डी.डी.टी. बंद व्हायला १९८९ साल उजाडले, तर बी.एच.सी. बंद व्हायला १९९७.

त्यांच्याहूनही चिवट असे एक कुल आता पुढे आले आहे. कार्बन आणि फ्लोरिन ह्यांच्या अतूट म्हणाव्या अशा बंधावर उभी असलेली ही हजारो रसायने न चिकटणाऱ्या तव्यापासून आग विझविणाऱ्या फेसापर्यंत सर्वत्र वापरली गेली. त्यांतील काही पाण्याबरोबर दूरवर वाहतात आणि शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षे रक्तात राहतात. त्यांपैकी ‘पीएफओए’ हे द्रव्य मानवात कर्करोग घडविणारे आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली दिला. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ सालच्या राष्ट्रीय मानकात डी.डी.टी.ची मर्यादा आहे. ह्या कुलाचा मात्र नामनिर्देशही नाही. ज्याची मर्यादाच ठरलेली नाही ते ओलांडले कोणी, असे विचारायचे कोणाला?

इटलीतील व्हिचेन्झा प्रांताने ह्या प्रश्नाचे उत्तर फार मोठी किंमत मोजून मिळविले. तेथील मितेनी नामक कारखान्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी दूषित झाल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना शिक्षा ठोठावल्या. कारखाना गेला, विष राहिले. आणि त्याची यंत्रसामग्री कोठे गेली? ती विकत घेतली गेली आणि आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आली! परक्याने टाकलेले ओझे आपण दाम देऊन डोक्यावर घेतले. मग त्याबरोबर आलेला धडा तरी घेणार की नाही?

तो धडा एवढाच की, विषाचे आयुष्य कारखानदाराच्या आयुष्याहून मोठे असते. रांजणगावसारख्या ठिकाणचा खड्डा बंद झाल्यावर त्याची देखरेख ३० वर्षे व्हावी, असे केंद्रीय मंडळाचे निकष सांगतात. पण ३० वर्षांनंतर काय? कंपन्या विकल्या जातात, अधिकारी बदलतात. खड्ड्याखालचा खडक आणि शेजारची विहीर तेथेच राहतात. कराराची मुदत संपली म्हणून विषाची मुदत संपत नाही.

शहरवासीयांनी येथे हात झटकू नयेत. ज्या मालाच्या निर्मितीतून हा गाळ निघतो तो माल आपल्या घरात आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत जाते आणि तेच पाणी पुढे उजनीत साठते. मुंढव्याहून बेबी कालव्यात सोडलेले शहराचे पाणी दौंडकडील पिकांना मिळते. त्या शेतांतील भाजी, गूळ आणि दूध पुन्हा आपल्याच स्वयंपाकघरात येते. आपण दाराबाहेर लोटलेली वस्तू मागील दाराने परत येते, हा ह्या विषाचा स्वभावच आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कुरकुंभ आणि रांजणगाव परिसरातील विहिरी, भीमेचा गाळ व दूध ह्यांची ह्या चिरजीवी द्रव्यांसाठी नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष सोप्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. पिण्याच्या पाण्यात ह्या द्रव्यांची मर्यादा कायद्याने ठरावी. आणि कचरा पुरणाऱ्याकडून असा निधी आधीच घ्यावा की, कंपनी बुडाली तरी देखरेख बुडू नये. ह्यात उद्योगाशी वैर नाही. ज्याने नफा घेतला त्यानेच मागे राहिलेले निस्तरावे, हा साधा व्यवहार आहे.

सागरमंथनातील हलाहल पचवायला नीलकंठ होता. निमगाव भोगीच्या पाणवठ्यावर हंडा घेऊन उभी असलेली बाई नीलकंठ नाही, आणि तिने तसे व्हावे अशी अपेक्षा बाळगण्याचा अधिकार कोणालाही नाही.