शेगडीचे पांघरूण

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका क्षुल्लक वस्तूवरून चांगला तासभर वाद रंगला. चिरंजीवांनी गच्चीवर ठेवण्यासाठी एक लोखंडी ग्रिल आणले. ग्रिल म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली कोळशाची शेगडीच. फरक इतकाच की तिला उंच पाय आहेत, वर घुमटासारखे झाकण आहे, आणि तिची किंमत ऐकून आमच्या आजीने कपाळाला हात लावला असता. थंडीच्या रात्री गच्चीवर वांगी व रताळी भाजावी, बाफले शेकावे, चार नातलगांना बोलवावे, हा त्यामागील सद्हेतू. त्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. वाद झाला तो पांघरुणाचा. उघड्या गच्चीवर राहणाऱ्या या वस्तूला आच्छादन असावे की नसावे?

चिरंजीवांचे म्हणणे, तिच्या मापाचे तयार आच्छादन मिळते, तेच घ्यावे. सौ.चे म्हणणे, पैसे खर्च करण्याचे कारण नाही. माळ्यावर प्लास्टिकचा जाड कागद पडला आहे, तो गुंडाळून सुतळीने बांधला की झाले. आमचे थोरले बंधू त्या दिवशी आले होते. ते म्हणाले, "लोखंडाला कसले पांघरूण घालता? धारला जाऊन पाहा. लोखंडाची एवढी मोठी लाट शतकानुशतके उघड्यावर पडली आहे. तिला कोणी दुलई पांघरली होती?"

मी मात्र गप्प होतो. गप्प राहण्यास कारण होते.

आमच्या वडिलांनी १९७८ साली देवासच्या एका लोहाराकडून एक शेगडी करवून घेतली होती. जाड पत्र्याची, चार पायांची, खाली राखेची पेटी आणि वर बोटाएवढ्या सळ्यांची जाळी. इंदुरातील आमच्या जुन्या घराच्या मागील अंगणात ती असे. मार्गशीर्ष लागला की तिच्याभोवती आम्ही सारी भावंडे बसत असू. भरताचे वांगे भाजताना होणारा तो चरचर आवाज आणि कोळशाच्या उजेडात दिसणारा वडिलांचा चेहरा अजूनही डोळ्यांपुढे आहे. २०११ च्या माघ महिन्यात वडील गेले. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मला वाटले, आता या शेगडीची काळजी आपण घ्यावयास हवी. मी प्लास्टिकचा जाड कागद आणला, शेगडीला चारही बाजूंनी घट्ट गुंडाळला, दोरीने आवळून बांधला आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात घरात आलो. दिवाळीत कागद सोडला तेव्हा राखेची पेटी माझ्या हातात सुटून आली. तळाला हाताचा पंजा जाईल एवढे भोक पडले होते. तेहतीस वर्षे जे झाले नव्हते, ते माझ्या काळजीने एका चातुर्मासात झाले.

हे असे का व्हावे, याचा उलगडा मला आमच्याच शाळेत झाला. मी भाषेचा मनुष्य. परंतु मुख्याध्यापकाला सर्व वर्गांवरून फिरावे लागते. दहावीच्या वर्गात विज्ञानाच्या बाई परीक्षानळ्यांचा प्रयोग दाखवीत होत्या. तीन नळ्या, प्रत्येकीत लोखंडी खिळे. पहिलीत साधे पाणी आणि हवा. दुसरीत उकळून हवा काढलेले पाणी व त्यावर तेलाचा थर. तिसरीत ओलावा शोषून घेणारा क्षार घालून कोरडी केलेली हवा. काही दिवसांनी पाहिले तर गंज चढला तो केवळ पहिल्या नळीतील खिळ्यांवर. नुसते पाणी लोखंडाला खात नाही, नुसती हवाही खात नाही. दोन्ही एकत्र आली आणि एकत्र राहिली, म्हणजे गंज धरतो. त्या वर्गात मागच्या बाकाशी उभा असताना मला माझी शेगडी आठवली. मी तिला नेमके त्या पहिल्या नळीत कोंडले होते.

वाचकहो, प्लास्टिकचा कागद वरून पडणारे पाणी अडवतो, हे खरे. परंतु ओलावा काही केवळ आकाशातून पडत नाही. तो अंगणातील ओल्या मातीतून वर येतो आणि पावसाळी हवेत तर तो भरलेलाच असतो. दिवसा ऊन पडले की कागदाखालची ओल वाफ होऊन उठते. बाहेर जाण्यास तिला वाट नसते. रात्री गारवा आला की तीच वाफ पुन्हा पाणी होऊन थंड लोखंडावर बसते. असे रोज चालते. उघड्यावरील लोखंड सर आल्यावर भिजते आणि वाऱ्याने वाळतेही. घट्ट बांधलेले लोखंड मात्र वाळतच नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फारसे गंजत नाही. तिच्या वर गेली की गंज झपाट्याने वाढतो. कागदाच्या आत ती किती असेल, याची कल्पना आपणच करावी.

माझी दुसरी चूक याहून मोठी होती. शेगडी गुंडाळण्यापूर्वी मी पेटीतील राख काढली नव्हती. लाकडी कोळशाच्या राखेत हवेतील ओलावा ओढून घेणारे क्षार असतात. ओली राख पत्र्याला लेपासारखी चिकटून बसते आणि ती लवकर वाळत नाही. त्यात पदार्थांतून गळलेले मीठ मिसळले म्हणजे पत्र्याचे आयुष्य संपलेच म्हणावयाचे. वडील काय करीत, ते मी लहानपणापासून पाहत आलो होतो, परंतु त्याचा अर्थ मला कळला नव्हता. शेगडी पूर्ण निवल्यावर ते राख काढून तुळशीच्या वाफ्याकडे नेत. जाळी व पेटी कोरड्या फडक्याने पुसत. मग कोमट शेगडीला जवसाच्या तेलाचा पातळ हात देत. जवसाचे तेल हवेत सुकून त्याचा चिवट पापुद्रा बनतो. रुळलेल्या तव्यावर काळी झिलई येते, तसाच काहीसा हा प्रकार. पावसाळ्यात ते शेगडी मागच्या पडवीत दोन विटांवर उपडी घालून ठेवीत. तिच्यावर पांघरूण कधीच नव्हते. पण वर छप्पर होते, खालून वारा होता आणि अंगावर तेल होते.

आता बंधूंच्या धारच्या लाटेविषयी. त्यांचे म्हणणे खोटे नाही. दिलावर खानाने १४०५ साली बांधलेल्या लाट मशिदीत ही लाट तीन तुकड्यांत आहे. तिन्हींची मिळून लांबी सुमारे १३ मीटर आणि वजन सुमारे ७ टन. परंपरेने तिचा संबंध भोजराजाच्या काळाशी जोडला जातो. दिल्लीचा मेहरौली येथील लोहस्तंभ तर तिच्याहूनही जुना, सुमारे १६०० वर्षांचा. परंतु हे लोखंड वेगळे आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीच्या स्तंभाचा पुष्कळ अभ्यास केला. जुन्या भट्टीतून निघालेल्या त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण सुमारे पाव टक्का, म्हणजे आजच्या पोलादाच्या कितीतरी पट आहे. पाऊस आणि ऊन यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या संपर्काने त्या फॉस्फरसाचा एक दाट थर पृष्ठभागावर तयार झाला आणि तोच त्याचे रक्षण करीत आला. म्हणजे त्या स्तंभाला पांघरूण नाही असे नव्हे; ते त्याच्या अंगाचेच आहे. तरीही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मिठ्यांनी ते झिजू लागले, म्हणून १९९७ साली त्याभोवती कुंपण घालावे लागले. आपल्या ग्रिलचा पत्रा पातळ, आजच्या पोलादाचा. त्यावर चढणारा गंज सच्छिद्र असतो. तो सुटून पडतो आणि खालचा ताजा पत्रा पुन्हा गंजास मोकळा करतो. लाटेचा न्याय त्याला लावता येणार नाही.

तेव्हा आच्छादन असावे की नसावे? माझे उत्तर असे की, असावे. परंतु ते शेवटी यावे, आधी नव्हे. आधी राख काढावी, पुसावे, वाळवावे, तेल लावावे. मग आच्छादन घालावे आणि तेही श्वास घेणारे. जाड ताडपत्रीचे किंवा बाजूला हवेची भोके ठेवलेले आच्छादन चांगले. त्याची कड जमिनीपासून वीतभर वर राहावी आणि पायांखाली विटा असाव्यात. साधा प्लास्टिकचा कागद आपल्याकडील उन्हात एकदोन उन्हाळ्यांत चिरफळतो, मग तो पाणीही अडवीत नाही आणि वाराही येऊ देत नाही. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यापूर्वी घराच्या पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात. ते पावसाची झड अडवतात, पण वाऱ्याला वाट ठेवतात. त्यामागील शहाणपण हेच. समुद्रकाठच्या आमच्या वाचकांनी तर अधिक जपावे, कारण तेथे वाराच मीठ घेऊन येतो. तेथे लोखंड अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून, मगच झाकावे. बिनगंजाच्या पोलादावरही मिठाने बारीक खड्डे पडतात, हे विसरू नये.

आणखी दोन गोष्टी जिवाच्या आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. वरून विझलेला दिसणारा कोळसा राखेखाली कित्येक तास धगधगत राहतो. रात्री उशिरा पाहुणे गेल्यावर घाईने पांघरूण घालू नये. दुसऱ्या दिवशी, हात लावून लोखंड गार असल्याची खात्री करून मगच घालावे. आणि पाऊस आला म्हणून निखाऱ्यांसह शेगडी खोलीत नेऊन दार लावणे तर प्राणावर बेतते. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही. मध्य व उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

असो. वादाचा शेवट असा झाला की मी माझ्या शेगडीची हकीकत प्रथमच घरात सांगितली. इतकी वर्षे मी सर्वांना, ती जुनी झाली होती म्हणून मोडली, असेच सांगत आलो होतो. बंधू काही बोलले नाहीत. सौ.ने प्लास्टिकचा कागद पुन्हा माळ्यावर टाकला. ग्रिल आता जिन्यावरील पत्र्याच्या छपराखाली विटांवर उभे आहे. त्यावर ताडपत्रीचे सैल पांघरूण असते आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते काढून वारा देण्याचे काम चिरंजीवांनी आपण होऊन पत्करले आहे.

वडिलांच्या शेगडीची जाळी मात्र मी टाकून दिली नव्हती. सळ्या जाड होत्या, तेलातुपात मुरल्या होत्या; त्या वाचल्या. गेल्या रविवारी चिरंजीवांनी मापे घेतली. दोन्ही बाजूंनी बोटभर कमी भरते आहे, तेवढे लोहाराकडून जोडून घ्यावयाचे आहे.