उरलेला तुकडा कोणाचा?

शारजा येथे राहणाऱ्या आमच्या एका वाचकभगिनींचे पत्र नुकतेच या पानाकडे आले. त्यांच्या आतड्यातील एक गाठ काढावयाची होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्यापुढे सह्यांसाठी कागदांची चळत ठेवण्यात आली. त्यांतील एका कागदावर, तपासणी झाल्यानंतर गाठीचा जो भाग उरेल तो संशोधनासाठी ठेवण्यास माझी हरकत नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. मजकूर इंग्रजीत व अरबीत. यजमान कामावर, परिचारिका घाईत, आणि मन उद्याच्या चिंतेत. बाईंनी सही केली. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, गाठही साधी निघाली. आता त्या विचारतात, “माझ्या त्या तुकड्याचे हे लोक काय करणार? सही करून मी चूक तर केली नाही ना?”

हा प्रश्न एका घरापुरता नाही. आज ना उद्या तो आपल्यापैकी अनेकांपुढे येणार आहे. म्हणून आजचा अग्रलेख आम्ही त्यालाच दिला आहे.

तो तुकडा जातो कोठे? पूर्वी बहुधा तो भट्टीत जाई. आता प्रयोगशाळा त्यातील जिवंत पेशी वेगळ्या काढतात आणि त्यांना पोषक द्रव देऊन वाढवितात. हे पेशीसंवर्धन नवे नाही, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. परंतु ते काचेच्या अगर प्लॅस्टिकच्या सपाट तळावर होई. भाकरी थापावी तसा पेशींचा एक पातळ थर पसरे आणि त्यावर औषधाचे थेंब टाकून परिणाम पाहिला जाई.

यातील उणीव आखातातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. बॅचलर खोलीत दुमजली खाटेवर राहणारा आपला एखादा भाऊ डोळ्यांपुढे आणा. तो जिवंत आहे, कामावर जातो, जेवतो, झोपतो. पण त्या खोलीतल्या वागण्यावरून त्याचा स्वभाव कोणी ठरविला, तर ते फसवे ठरेल. तोच माणूस गावी आईवडील, बायकोमुले, शेजारीपाजारी यांच्यात निराळा असतो. पेशीचेही तसेच आहे. शरीरात तिच्या वरखाली, आजूबाजूला इतर पेशी असतात, आधाराला तंतूंचे जाळे असते, रक्ताची ये-जा असते. या शेजारातूनच तिला आपले काम कळते. यकृताची पेशी सपाट तळावर ठेवली की काही दिवसांतच ती यकृताची खास कामे विसरू लागते.

म्हणून शास्त्रज्ञांनी पेशींना घर द्यावयाचे ठरविले. जेलीसारख्या मऊ पदार्थात त्यांना चहूबाजूंनी वाढू दिले. तेहरानमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या मिना बिसेल यांनी स्तनाच्या पेशी अशा जेलीत वाढवून दाखवून दिले की, पेशीचे वागणे तिच्या भोवतालावर अवलंबून असते. २००९ साली हॉलंडमधील उट्रेख्त येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातील एकेका मूळपेशीपासून आतड्याची चिमुकली प्रतिकृती वाढविली. अशा प्रतिकृतीला ऑर्गनॉइड म्हणतात. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बोटभर लांबीच्या पारदर्शक पट्टीत सूक्ष्म नलिका कोरून, एका बाजूस फुप्फुसाच्या पेशी व दुसऱ्या बाजूस रक्तवाहिनीच्या पेशी बसविल्या आणि श्वासोच्छ्वासाप्रमाणे ती पट्टी ताणून सैल करून दाखविली. अशा पट्टीला ‘अवयव-चिप’ असे नाव पडले. या सर्वांना मिळून त्रिमितीय पेशीसंवर्धन म्हणतात. इतके सायास कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन दुर्घटनांत आहे.

१९९३ साली अमेरिकेत कावीळ-ब या रोगावरील फियालुरिडीन हे औषध पंधरा रुग्णांना देण्यात आले. प्राण्यांवरील चाचण्यांत ते निर्धोक दिसले होते. माणसांत मात्र कित्येक आठवड्यांनी यकृत निकामी होऊ लागले. पाच रुग्ण दगावले, दोघे यकृतरोपणामुळे वाचले. २००६ साली लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना एक नवे औषध टोचण्यात आले. माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी ती मात्रा होती. तरीही काही तासांतच सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. मूषक आणि मर्कट यांनी जे सांगितले नाही, ते माणसाच्या देहाने सांगितले, आणि त्याची किंमत माणसानेच मोजली.

ही किंमत मोजणारा बहुधा कोण असतो? ज्याला पैशाची गरज आहे, अगर ज्याला कागद वाचता येत नाही, तो. भारतात औषधचाचण्यांत गरिबांना नीट न सांगता गोवल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २०१३ साली न्यायालयाने सरकारला त्याबद्दल खडसावले आणि त्याच वर्षी संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे झाले. याउलट एक अभिमानाचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढचे आहे. २०२० च्या जुलैमध्ये कोरोनाच्या सिनोफार्म लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी अबू धाबीत सुरू झाली, तेव्हा शंभराहून अधिक देशांच्या हजारो रहिवाशांनी आपण होऊन दंड पुढे केला. समजून-उमजून दिलेले देणे आणि अजाणतेपणी घेतलेले देणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमचे आजचे सारे म्हणणे या फरकाभोवतीच आहे.

या कथेत एक मराठी धागाही आहे, तो आमच्या तरुण वाचकांना ठाऊक असावा. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल समर्थ, म्हणजेच पुढे डॉ. कमल रणदिवे, हुजूरपागेत व फर्ग्युसनमध्ये शिकल्या. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पेशी वाढविण्याचे तंत्र शिकण्यासाठी त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तेथे राहण्याचा मोह न धरता त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुण्यात १९८० च्या दशकात उभी राहिलेली आणि आज राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाणारी संस्था देशभरच्या संशोधकांना पेशी पुरविते. तेव्हा हे शास्त्र परके आहे, असे मराठी माणसाने म्हणू नये.

पण त्याच गे यांच्या प्रयोगशाळेची दुसरी एक आठवण आहे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या कृष्णवर्णीय आईच्या कर्करोगाच्या गाठीतील पेशी तेथे वाढविल्या गेल्या. त्या मरेनात. जगभर पोहोचल्या, पोलिओच्या लशीपासून कर्करोगापर्यंत असंख्य संशोधनांस उपयोगी पडल्या. बाई मात्र त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी वारल्या. पेशी घेताना त्यांना कोणी विचारले नव्हते; कुटुंबाला हे कळावयास दोन दशके लागली. वारसांनी एका मोठ्या अमेरिकन कंपनीशी तडजोड केली ती २०२३ साली. विज्ञानाचे भले झाले हे खरे. पण ज्या घरातून ते भले आले त्या घराला साधा निरोपही गेला नाही, हेही तितकेच खरे.

आज कायदेही बदलत आहेत. अमेरिकेत नव्या औषधासाठी प्राण्यांवर चाचणी केलीच पाहिजे, ही १९३८ पासूनची सक्ती डिसेंबर २०२२ मध्ये उठली. भारताने मार्च २०२३ मध्ये आपले नियम सुधारून पेशींवरील चाचण्या, अवयव-चिप व संगणकीय पद्धती यांना मान्यता दिली. २०२२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८७० यकृत-चिपांवर २७ औषधे तपासण्यात आली. यकृताला घातक असलेल्यांपैकी ८७ टक्के औषधे चिपांनी ओळखली आणि निर्धोक औषधावर खोटा आळ एकदाही घेतला नाही.

हे ऐकून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. ८७ टक्के ओळखली याचाच अर्थ बाकीची निसटली. ऑर्गनॉइडला बहुधा रक्तवाहिन्या नसतात. तो थोडा मोठा झाला की प्राणवायू न पोहोचून त्याचा गाभा मरतो. एका चिपेवरील यकृताला मूत्रपिंड, मेंदू, हार्मोने यांची खबर नसते. शिवाय ज्या जेलीत या पेशी वाढतात ती बहुतेक ठिकाणी उंदराच्या गाठीपासूनच काढलेली असते आणि अनेकदा पोषक द्रवात वासराच्या गर्भाचे रक्तजल असते. तेव्हा प्राण्यांची सुटका झाली असे म्हणणे आजच्या घडीस घाईचे होईल. माणसावरील चाचणीही टळणार नाही. फक्त त्या चाचणीपर्यंत येणारे औषध अधिक गाळून आलेले असेल. आज माणसांवरील चाचणीपर्यंत पोहोचणाऱ्या दर दहा औषधांपैकी सुमारे नऊ नापास होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या गाळणीचे मोल कळते.

आता मुद्द्याचा प्रश्न. या गाळणीत पेशी कोणाच्या आहेत? औषधे सर्वांना सारखी लागू पडत नाहीत. हृदयविकारानंतर दिले जाणारे क्लोपिडोग्रेल हे परिचित औषध घ्या. ते यकृतातील एका विकरामुळे कार्यक्षम बनते. हे विकर जन्मतःच मंद असलेली माणसे दक्षिण आशियात युरोपपेक्षा अधिक आढळतात. (हे वाचून कोणी आपली गोळी बंद करू नये, शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे.) दुसरे उदाहरण या भूमीतलेच. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाचा युरोपात सर्वाधिक आढळणारा जनुकदोष एक, तर अमिरातींतील बदू कुळांत आढळणारा दोष दुसराच. उट्रेख्तमध्ये अशा रुग्णाच्या गुदाशयातील सुईच्या टोकाएवढा तुकडा घेऊन त्याचे ऑर्गनॉइड वाढवितात आणि औषध टाकून ते फुगतात का पाहतात. फुगले, तर औषध त्या रुग्णाला लागू पडण्याची आशा असते. दुर्मीळ दोषाच्या ज्या रुग्णांसाठी मोठी चाचणी कधीच झाली नसती, त्यांना अशा रीतीने औषधाचा मार्ग सापडला.

यावरून काय दिसते? ज्यांच्या पेशी प्रयोगशाळेत आहेत, त्यांच्यासाठी औषध तपासले जाते. ज्यांच्या नाहीत, ते आंधळेपणाने दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालतात. जगातील अशा पेशींचे साठे मुख्यत्वे पाश्चात्त्य देशांत जमले आहेत. भारतीय आणि अरब माणसाच्या पेशी त्यांत यावयाच्या असतील, तर आपल्या लोकांनीच त्या दिल्या पाहिजेत. अबू धाबीच्या विद्यापीठांत सूक्ष्म नलिकांच्या चिपांवर काम चालू आहे. शंभरावर देशांची माणसे जेथे एकत्र नांदतात, त्या या भूमीइतकी योग्य जागा अशा संग्रहासाठी शोधूनही सापडणार नाही.

म्हणून आमच्या वाचकभगिनींना आमचे उत्तर असे: बाई, सही करून आपण चूक केली नाही, पण न विचारता केली, एवढी उणीव राहिली. पुढच्या वेळी, आपल्यासाठी अगर घरातल्या कोणासाठी, कागद पुढे आला की पाच गोष्टी विचारा. निदानासाठी लागणारा भाग आधी बाजूला काढून ठेवला जाईल ना? तुकड्यावर नाव राहील की केवळ क्रमांक? त्यातून जनुकांची माहिती काढली जाईल काय आणि ती कोणाला दिसेल? तो दुसऱ्या देशात वा कंपनीकडे जाणार काय? आणि उद्या मन बदलले, तर संमती परत घेता येईल काय? उत्तरे समाधानकारक असतील तर आनंदाने सही करा. नसतील तर नाही म्हणा. संशोधनाला नकार दिल्याने उपचारात तसूभरही कमीपणा येता कामा नये, हे संशोधनाचे जगमान्य नीतितत्त्व आहे.

इस्पितळांनाही आमचे एक सांगणे आहे. हा कागद शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, चळतीच्या मध्यभागी ठेवण्याचा नाही. तो आधी द्यावा आणि रुग्णाच्या भाषेत समजावून द्यावा. येथील मराठी डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा-सहायक आणि औषधविक्रेते मनावर घेतील, तर एका पानाचा मराठी खुलासा तयार होणे अवघड नाही. महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवातील एक संध्याकाळ अशा व्याख्यानाला द्यावी. आठ नोव्हेंबर हा कमलताई रणदिवे यांचा जन्मदिवस. त्या दिवशी आपल्या मुलामुलींना त्यांची गोष्ट सांगावी. मुलांना इंजिनियर नाहीतर डॉक्टर करण्याची घाई आपल्याला असतेच. पेशी वाढविणारा शास्त्रज्ञही आपल्या घरातून निघू शकतो, हे त्यांच्या कानांवर पडू द्यावे.

अन्नदान, रक्तदान, नेत्रदान आपल्याला ठाऊक आहे. त्याच पंक्तीत हे एक नवे दान येऊन बसले आहे. पण दान ते, जे देणाऱ्याला ठाऊक असते. न सांगता उचलले, त्याला आपल्या भाषेत निराळा शब्द आहे.