कासवाचं हिवाळी अधिवेशन

डिसेंबर आला की नागपुरात दोनच विषय असतात, थंडी आणि अधिवेशन. यंदा आमच्याकडे तिसरा विषय होता, कुबेर.

कुबेर म्हणजे मामीचं कासव. मुक्काम महाल, जुन्या वाड्यातली पितळी परात. पाठीवर पिवळ्या चांदण्या, म्हणजे स्टार कासव. ‘घरात कासव असलं की पैसा टिकतो’ म्हणून कुणीतरी चार वर्षांपूर्वी आणून दिलेलं. पैसा किती टिकला ते मामालाच ठाऊक, मामीचा जीव मात्र त्याच्यात अडकला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुबेरनं खाणं सोडलं. मान आत, पाय आत. मामीचा फोन आला, ‘काऊन वं, असा कसा झोपून राहिला हा?’ मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या मामेभावानं रात्रभर नेटवर बसून निदान केलं, हायबरनेशन! विलायतेत लोक कासवाला चक्क फ्रिजमध्ये झोपवतात म्हणे. नैवेद्याचं दूध ठेवतो त्या फ्रिजबद्दल हे ऐकून मामी जे बोलली ते इथे छापता येणार नाही. शेवटी तडजोड झाली. भुसा भरलेलं खोकं, जिन्याखाली.

भाऊ खोटं बोलत नव्हता, बरं का. भूमध्य समुद्राकडची हर्मन किंवा ग्रीक कासवं खरंच झोपतात, ५ अंशांच्या आसपास, काही आठवडे ते काही महिने. पण त्याची तयारी लग्नासारखी असते. आधी दोन-चार आठवडे खाणं बंद, कारण थंडीत पचन थांबतं आणि पोटातलं अन्न तिथेच सडतं. कोमट पाण्यात बसवून पोट साफ करायचं, वजन करायचं, आणि कासव जरा जरी आजारी वाटलं तर त्या वर्षीची झोप रद्द. १८व्या शतकात इंग्लंडमधल्या सेलबर्नला गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री टिमथी नावाच्या कासवाची नोंद ठेवायचे. नोव्हेंबरात मातीत, एप्रिलात बाहेर. (टिमथी मादी होती, हे पुढे ती गेल्यावर कळलं.)

पण कुबेर टिमथीच्या जातीचा नाही ना! स्टार कासव भारतातल्या कोरड्या, झुडपी रानातलं आणि श्रीलंकेतलं. ते शीतनिद्रा घेतच नाही, थंडीत नुसतं मंदावतं. त्यात नागपूरची थंडी म्हणजे रात्री १० अंश आणि दुपारी २८. २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, पण तो अपवाद. अशा हवेत कासवाला ना धड झोप ना धड जाग. अंगातली ऊर्जा खर्च होत राहते, पचन बंद, आणि छातीत संसर्ग व्हायला मोकळं रान. आपल्या तळ्यांतलं मऊ पाठीचं कासव यापेक्षा हुशार. पाणी आटलं की ते चिखलात शिरून उन्हाळाच झोपून काढतं. कुठल्याही नागपूरकराला हे पटेल.

आठव्या दिवशी मी खोकं उघडलं. कुबेरच्या नाकाशी बुडबुडे होते आणि तो तोंड उघडून श्वास घेत होता. जनावरांच्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, ‘ही झोप नाही, न्यूमोनिया असू शकतो. आणि हे कासव तुमच्याकडे कसं?’

इथे माझं सगळं मास कॉम गळून पडलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २०२२च्या दुरुस्तीनंतर स्टार कासव अनुसूची १मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. घरी ठेवणं गुन्हा, शिक्षा किमान ३ वर्षं. आम्ही चार वर्षं त्याला जास्वंद खाऊ घालत होतो!

मामा म्हणाला, गुपचूप गोरेवाड्याकडे सोडून येऊ. म्हणजे आजारी जीव थंडीत मरायला आणि त्याचा आजार जंगलातल्यांना. मी नाही म्हटलं. मामी रात्रभर बसून होती. खोक्याच्या एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून तोंडात काहीही कोंबलं नाही.

सकाळी वन विभागाच्या १९२६वर फोन मीच लावला. हात थरथरत होते. कुबेर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला गेला. मामीचा जबाब लिहून घेतला गेला, पुढे काय होईल ते होईल. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, खायला काय द्यायचात?

‘जास्वंद, कोथिंबीर,’ मामी म्हणाली, ‘आणि एकादशीला साबुदाणा.’

पेन थांबलं.

पंधरा दिवसांनी मी चौकशीचा फोन केला. हिरवा पाला खातोय, म्हणाले. मामीला कळवलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

‘साबुदाणा नाही देत का वं ते?’