गोव्यातून गेलेली फाशी परत कशी आली?

बीदर : १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जमावानं केलेल्या हत्येला पहिल्यांदाच वेगळं कलम मिळालं. पाच किंवा जास्त जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून जीव घेतला, तर जन्मठेप किंवा फाशी. औराद भागातल्या मुरकीची जुलै २०१८ ची घटना सीमाभाग विसरलेला नाही. मुलं पळवणारे आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवर फिरली आणि हैदराबादच्या एका तरुण इंजिनिअरचा जीव गेला. त्यामुळे कडक शिक्षा म्हटलं की इथं लोक माना डोलावतात. पण फाशी ठेवायची की काढायची, हे ठरवतं कोण?

याचा धडा गोव्यात आहे. योगायोग असा, की पोर्तुगालनं १ जुलै १८६७ लाच खुनासारख्या गुन्ह्यांची फाशी रद्द केली. १८७० मध्ये ते वसाहतींनाही लागू झालं. म्हणजे मुंबई इलाख्यात फाशी होत होती, तेव्हा शेजारच्या गोव्यात ती कायद्यातच नव्हती.

मोहन रानडे मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षक. सशस्त्र लढ्यात १९५५ मध्ये पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची, फाशीची नाही. १९६९ मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले आणि २०१९ पर्यंत जगले. पण म्हणून पोर्तुगीज दयाळू ठरत नाहीत. १५ ऑगस्ट १९५५ ला त्यांनीच निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. दोर काढला, बंदूक ठेवली.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. मग भारतीय दंडविधान आलं आणि त्यासोबत फाशीही परतली. तो कायदा राष्ट्रपतींच्या नियमानं लागू झाला, गोव्याच्या विधानसभेतून नाही. लिस्बनहून आलेली सवलत दिल्लीहून गेली.

ब्रिटननंही १९९१ मध्ये केमनसह आपल्या कॅरिबियन बेटांवरची खुनाची फाशी लंडनहून आदेश काढून रद्द केली. बर्म्युडात मात्र १९९९ मध्ये तिथल्याच विधिमंडळानं ती काढली. आपण चर्चा करून घेतलेला निर्णय पुसणं सोपं नसतं.

आपल्याकडे विधी आयोगानं २०१५ मध्ये दहशतवाद सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी काढा, असं सुचवलं होतं. नव्या संहितेत उलट झालं, फाशीची कलमं वाढली.

आज बीदरच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, तरी उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. त्याआधी साक्षीदार टिकले पाहिजेत, तपास नीट झाला पाहिजे. आणि निव्वळ अफवेवरून झालेली हत्या या नव्या कलमात बसते का, हेही कोर्टात ठरायचं आहे. मुरकीसारखी घटना पुन्हा घडू नये असं वाटत असेल, तर ‘फाशी द्या’ म्हणण्याआधी हे प्रश्न गावागावांत विचारले गेले पाहिजेत.